काठीवरचे डोळे

सूनबाईने मागच्या खोलीतून हाक मारली नाही, तेव्हाच आबांनी काय ते ओळखलं. क्लिअरचा हात चांगला बसला की ती दारातून डोकं काढून "आबा, बघायला या" म्हणायची आणि ते स्टुलावरून उठायच्या आत पुन्हा आत पळायची, कारण दार उघडं राहिलं की धूळ येते. आज आतला पंखा बंद झाला, स्प्रेची गन हुकला अडकवल्याचा आवाज आला आणि मग सगळं चिडीचूप. आबा पुढच्या खोलीत चहाचा कप घेऊन बसले होते. कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. एका हाताने धरला की चहा बशीत सांडायचा, आणि ते मुलाच्या नजरेला पडलेलं त्यांना नको होतं.

मुलाने लेथ थांबवला, अंगावरचा भुसा झटकला, आत गेला आणि लगेच बाहेर आला.

"पुन्हा डोळे," तो म्हणाला. "सगळ्या काठ्यांना."

हे घर बिलियर्डसारखा पूल खेळायच्या काठ्या बनवायचं. खेळणारे त्यांना ऐटीत क्यू म्हणतात, घरात काठीच म्हणत. पुढच्या खोलीत मुलगा लेथवर लाकूड कातायचा, मागच्या खोलीत सूनबाई ते पॉलिश पेपरने घासून त्यावर क्लिअर मारायची, आणि या दोन खोल्यांच्या वर राहतं घर होतं, जिथून आबांची बायको, म्हणजे सगळ्यांची माई, जेवायला हाका मारायची. क्लिअर म्हणजे लाकडावरचा पारदर्शक थर. रंगासारखा तो काही झाकत नाही, उलट खाली जे असेल ते भिंग लावून दाखवतो. त्यात धुळीचा कण बसला तर घासून काढता येतो. ओघळ आला तर ब्लेडने उतरवता येतो. बुडबुडा आला तर फोडायचा, थेंब भरायचा, सपाट करायचा. पण डोळा पडला की कारागिराच्या तोंडचं पाणी पळतं. लाकडावर तेलाचा, मेणाचा, कसल्याही चिकट गोष्टीचा अंश राहिला असेल तर क्लिअर तिथे बसायलाच तयार होत नाही. ओलं असतानाच गोल होऊन मागे सरतं आणि मधे टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा उघडा टाकतं. त्या खड्ड्याला डोळा म्हणतात, आणि तो खरोखरच माणसाकडे टक लावून बघत राहतो.

क्लिअरचं हे काम उभं आयुष्य आबांनी केलं होतं. मग त्यांचा हात थरथरायला लागला. एका चांगल्या काठीवर वरपासून खालपर्यंत ओघळ आला, त्या दिवशी त्यांनी गन हुकला अडकवली आणि जाहीर केलं, "कंटाळा आला मला. इथून पुढे सूनबाई बघेल." कंटाळा कसला, हे सगळ्यांना माहीत होतं.

सूनबाईला त्यांनीच शिकवलं होतं. लग्नाआधी ती कपड्यांच्या मोठ्या दुकानात उभी असायची. घरात आल्यावर थोड्याच दिवसांत ती म्हणाली होती, "आबा, दिवसभर उभं राहून लोकांना हो हो म्हणायचा मला कंटाळा आलाय. मला काहीतरी येऊ द्या." आबांनी आधी उडवून लावलं. मग एकदा तिने घासलेल्या लाकडावरून त्यांनी हात फिरवला आणि ते तिला शिकवायला लागले. आता एका नव्या क्लबच्या काठ्यांचं काम आलं होतं, क्लब उघडायला फार दिवस नव्हते, आणि पहिल्या काठीपासून शेवटच्या काठीपर्यंत क्लिअर एकट्या तिचं असणार होतं. नेमके तेव्हाच डोळे पडायला लागले.

"तेल कुठून येतंय ते शोधायचं," मुलाने फर्मान काढलं. मुलगा मनाने वाईट नव्हता, पण काळजी लागली की तो घरातल्यांना हुकूम सोडायचा. त्याने गनला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर उघडला, फिल्टर बदलला, हवेचा पाइप धुऊन वाळत घातला. मग त्याचा मोर्चा घराकडे वळला. वर काही तळायचं नाही, कारण वाफ जिन्याने खाली येते. कुणी केसांना तेल लावायचं नाही. साबण बदलायचा. दारांच्या कड्या-कोयंडे, बिजागऱ्या, सगळं कोरडं करायचं. परिणामी घरातलं प्रत्येक दार कुरकुरायला लागलं आणि माईही.

"उकडलेलं खाऊन जीभ बधिर झाली माझी," ती म्हणाली. "उद्या म्हणशील श्वास घेऊ नका, वाफ जाते."

"आई, थट्टा नको. काम जाईल हातचं."

"काम जाईल म्हणून मी काय केस उपटू?"

एरवी या दोघांची जुंपली की सूनबाई तोंडावर पदर धरून हसायची. आता ती मोरीत हात धूत उभी असायची. भांड्यांच्या साबणाने घासून घासून तिच्या बोटांची पेरं फुटली होती. फुटलेल्या पेरांना क्रीम लावायचीही सोय नव्हती. तिला खात्रीच झाली होती की दोष आपल्यात आहे. काठी उचलायच्या आधी ती तळहात नाकाला लावून हुंगायची, कपाळाचा घाम मनगटाने न पुसता तसाच ओघळू द्यायची. एवढं करून तिने पुन्हा एकदा सगळ्या काठ्या घासल्या, पुसल्या, रात्रभर टांगल्या आणि सकाळी क्लिअर मारलं. पुन्हा डोळे.

त्या दुपारी मुलगा जेवता जेवता म्हणाला, "शनिवारी आरसेवाल्यांना बोलावलंय."

आरसेवाले म्हणजे गावातले फर्निचरला पॉलिश करणारे. कुठलंही काम झालं की ते मागे सरकून "आरसा झालाय, आरसा" म्हणायचे, म्हणून त्यांचं हे नाव पडलं होतं.

"बघतील काय चुकतंय ते. नाही जमलं तर क्लिअर त्यांच्याकडेच द्यायचं."

"मग मी?" सूनबाईने विचारलं.

"तू घासायचं बघ. आईलाही वर मदत होईल."

सूनबाईने पाण्याचा तांब्या उचलला आणि ज्यांचे पेले भरलेलेच होते त्यांच्याही पेल्यांत पाणी ओतायला लागली. आबांना मुलाचा भयंकर राग आला. पोरीने सोन्यासारखा हात कमावलाय आणि हा तिला पेले भरायला पाठवतोय. शनिवारच्या आत हे कोडं आपण सोडवायचंच, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

ते त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सोडवलं, आणि सोडवलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

आबांची एक सवय घरात कुणालाच ठाऊक नव्हती. सगळे झोपेत असताना ते उजाडता उजाडता खाली यायचे, आपल्याजवळच्या किल्लीने मागची खोली उघडायचे आणि सूनबाईने आदल्या दिवशी घासून टांगलेल्या काठ्यांवरून हात फिरवायचे. डोळे मिटून, काठी मुठीच्या जरा वर आधी घट्ट पकडून, मग हलकेच वर आणि खाली. कुठे रेघ राहिली आहे का, कुठे लाकडाचा तंतू उठला आहे का. बहुतेक वेळा काहीच सापडायचं नाही, आणि त्यांचा जीव भांड्यात पडायचा. दिवसभरात त्यांच्या वाट्याला येणारं खरं काम तेवढंच होतं. बाकी दिवस म्हणजे स्टूल, चहा आणि मुलाचं "आबा, जरा बाजूला व्हा."

त्या सकाळी टांगलेल्या काठ्या कोऱ्या नव्हत्या, कालच्याच बिघडलेल्या होत्या. त्यांनी एक काठी खिडकीशी नेली. डोळे कुठेही, कसेही पडलेले नव्हते. मुठीच्या जरा वर एका बाजूला एक डोळा होता. काठी फिरवली तर दुसऱ्या बाजूला चार, एकाखाली एक. त्यांनी दुसरी काठी घेतली. तिसरी घेतली. सगळीकडे तीच जागा, तेच चार आणि एक. आबांनी काठी रोजच्यासारखी धरली. अंगठा एका डोळ्यावर बसला आणि चार बोटं चार डोळ्यांवर.

काठी जागेवर टांगताना त्यांचा तीनदा हुक चुकला.

सांधे दुखायचे म्हणून माई त्यांना आधी मलम चोळायची. त्याचा वास दोन खोल्या ओलांडून जायचा. मलम लावून क्लिअरच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा नियम त्यांचाच होता. दारावर त्यांच्याच अक्षरात पाटी होती: तेल, क्रीम, मलम लावून आत येऊ नये. म्हणून त्यांनी नुकतंच डॉक्टरांकडून मुद्दाम बिनवासाचं जेल मागून घेतलं. लावलं की बघता बघता मुरायचं, हात कोरडा ठणठणीत. हे ना तेल, ना क्रीम, ना मलम, असं म्हणत आबा रोज सकाळी ते चोळायचे, बोटं जरा मोकळी झाली की खाली उतरायचे आणि स्वतःच्या पाटीखालून ताठ मानेने आत जायचे. ते जेल कातडीत मुरत होतं तसं लाकडातही मुरत होतं, हे एवढ्या मोठ्या कारागिराला सुचलं नाही.

सांगून टाकावं, हे त्यांच्या मनात लगेच आलं. जिना चढेपर्यंत ते विरूनही गेलं. सांगितल्यावर काय होणार ते त्यांना लख्ख दिसत होतं. मुलगा ओरडणार नव्हता. ओरडला असता तर परवडलं असतं. तो त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मऊ आवाजात म्हणणार होता, "आबा, तुम्ही आता वर आराम करा." मग किल्ली मागून घेणार होता. समोरच्या इमारतीतला जुना सुतार असाच आराम करत होता. त्याला सकाळी खिडकीत बसवायचे आणि संध्याकाळी उठवायचे. आबा त्याच्याकडे बघायचंही टाळत.

जेल लावायचं बंद करू, म्हणजे प्रश्न मिटला, असं त्यांनी ठरवलं. कुणाला काही कळायची गरजच नाही.

प्रश्न मिटला नाही. जेल बंद झाल्यावर बोटं आखडली. सकाळी सदऱ्याची बटणं लागेनात, तेव्हा माईने पुढे होऊन लावली.

"जेल संपलं वाटतं."

"संपलं."

"मग आणायला सांगते."

"नको. काही उपयोग होत नाही त्याचा."

माईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. बटणं लावून झाल्यावरही तिने कॉलर उगाच सारखी केली.

तोवर सूनबाईने काठ्या पुन्हा घासून टांगल्या होत्या, आणि त्यांत आबांच्या बोटांचा अंश खोल बसलेला होताच. तो काढायला आबा पहाटे खाली गेले, फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि न वळणाऱ्या बोटांनी एकेक काठी पुसून काढली. एकच फडकं, सगळ्या काठ्यांना. त्यांच्या हाताखाली कुणी असं केलं असतं तर त्यांनी त्याला दारात उभं केलं नसतं. पण भ्यायलेल्या माणसाला आपलंच शिकवणं आठवत नाही. जे पाच जागी होतं ते त्या फडक्याने टोकापासून टोकापर्यंत पसरलं, आणि दुपारी क्लिअर मारल्यावर काठ्यांना कांजिण्या उठल्या.

या वेळी मुलगा चिडला नाही. तो नुसता "बरं" म्हणाला आणि लेथकडे परत गेला. ते ऐकून सूनबाईच्या चेहऱ्यावरचा उरलासुरला रंग उडाला.

त्यातल्या त्यात कमी बिघडलेली एक काठी तिने निवडली आणि डोळे भरायला घेतले. आबा दाराच्या काचेतून बघत उभे राहिले. सुईच्या टोकावर क्लिअरचा थेंब घ्यायचा, खड्ड्यात सोडायचा, वाळू द्यायचा, पुन्हा सोडायचा. थेंब वर उंचवटा धरून वाळला की तो ब्लेडने अलगद तासायचा, मग अगदी बारीक पेपर पाण्यात भिजवून तेवढीच जागा घासायची, म्हणजे जुना थर आणि नवा थेंब एकजीव होतात. ती श्वास रोखून काम करत होती. एकामागून एक डोळे मिटत गेले. शेवटच्या डोळ्यावर तिने पेपर फिरवला, पुसून पाहिलं, बारीकशी कड दिसली म्हणून आणखी एकदा फिरवला. तो एकदा जास्तीचा ठरला. पेपर थर फाडून खाली लाकडात उतरला. चकचकीत काठीवर नखाएवढा निस्तेज चट्टा उमटला. आता अख्खी काठी मुळापासून सोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

सूनबाईने काठी टेबलावर ठेवली आणि ती रडायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत.

आबा आत गेले. "तुझी चूक नाही ही," ते म्हणाले.

तिने वर पाहिलं. "मग कोणाची, आबा?"

शब्द अगदी ओठांवर आले होते. खोलीत दोघांशिवाय कुणी नव्हतं. तिने विचारलंही होतं सरळ.

"हवेची," आबा म्हणाले. "हवा वाईट आहे सध्या."

ती मान हलवून डोळे पुसायला लागली. तिने त्यांच्यावर विश्वास ठेवला हे पाहून आबांना स्वतःचीच किळस आली. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि ते बरोबरच होतं.

शनिवारी आरसेवाले आले. गोल पोट, बोटांच्या कडांना कायमचं बसलेलं पॉलिश, आणि आल्या आल्या आबांना वाकून नमस्कार. "तुमच्या खोलीत मी क्लिअर मारायचं म्हणजे धाडसच," ते म्हणाले. मग कामाला लागले. मुलाने तेव्हाच लेथवरून उतरवलेल्या दोन काठ्या त्यांनी घेतल्या, स्वतः घासल्या, स्वतः पुसल्या. एकीला क्लिअर मारलं. सगळे काठीवर वाकून वाट बघत राहिले. थर काचेसारखा बसला, एकही डोळा नाही.

"आरसा झालाय, आरसा," आरसेवाले मागे सरकून म्हणाले. "तुमचं क्लिअर चांगलं, हवा चांगली, गन चांगली. दोष हाताचा. कुणाकुणाची कातडीच तेलकट असते, त्याला माणूस काय करणार? वहिनी, वाईट वाटून घेऊ नका."

"नाही, बरोबर आहे तुमचं," सूनबाई म्हणाली. तिने मागे हात नेऊन एप्रनची गाठ सोडायला सुरुवात केली. गाठ ओली होती, सुटत नव्हती, आणि ती मान खाली घालून ओढत राहिली.

तेवढं बघणं मात्र आबांच्याने झालं नाही.

"हात तिचा नाही," ते म्हणाले. "माझा आहे."

मुलाने त्यांच्याकडे पाहिलं आणि उसासा टाकला. "आबा, तिला सांभाळून घ्यायला तुम्ही काहीही सांगाल. परवा हवेचं सांगत होतात."

"ते खोटं होतं. हे खरं आहे. मी रोज सकाळी काठ्यांना हात लावतो. हाताला जेल असतं."

"आबा, तुम्ही आणि मळका हात?" आरसेवाल्यांनी कानाला हात लावले. "आम्ही तुमच्या पाटीचे दाखले देतो लोकांना. मी नाही ऐकून घेणार हे."

आयुष्यभर कमावलेली अब्रू आबांच्या आडवी आली ती अशी. खरं बोलायला त्यांनी इतका उशीर केला होता की आता कुणी ते घ्यायलाच तयार नव्हतं. मग त्यांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली.

"माई, माझ्या खणातलं जेल आण."

"संपलं म्हणाला होतात ना?" वरून आवाज आला.

"खोटं बोललो. आण."

माई ट्यूब घेऊन खाली आली. आबांना झाकण फिरवता येईना. त्यांनी ट्यूब सूनबाईपुढे धरली. एप्रनची गाठ तशीच सोडून तिने झाकण काढलं आणि त्यांच्या तळहातावर जेल पिळलं. आबांनी ते हातभर चोळलं, हवेत हात धरून मुरू दिलं आणि मग हात मुलापुढे केला.

"बघ."

मुलाने तळहातावरून बोटं फिरवली. "कोरडा आहे."

"जा, आता तू पण साबणाने हात धुऊन ये."

आरसेवाल्यांनी स्वतः घासून पुसलेली दुसरी काठी तशीच टांगलेली होती. आबा पुढे झाले. त्यांनी डोळे मिटले आणि रोजच्यासारखी काठी मुठीच्या जरा वर पकडली. लाकूड छान घासलेलं होतं, एका जागी किंचित खरखर होती. त्यांना ती सांगावीशी वाटली, पण ते काही बोलले नाहीत. हात सोडून ते बाजूला झाले.

"गन तिच्याकडे द्या," ते आरसेवाल्यांना म्हणाले. "क्लिअर ती मारेल. तिचा हात आणि माझा हात एकाच काठीवर दिसू दे."

सूनबाईने गन घेतली. एका लयीत, मधे न थांबता, या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने थर दिला आणि गन खाली केली. ओली काठी दिव्याखाली सावकाश फिरत होती. सुरुवातीला काहीच झालं नाही. आबांच्या मनात क्षणभर, अगदी क्षणभर, आशा आली की काहीच होणार नाही. मग अंगठ्याच्या जागी क्लिअर थरथरलं, गोल झालं आणि मागे सरलं. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या बाजूला पहिलं बोट उघडलं, मग दुसरं, मग तिसरं आणि शेवटी करंगळी. वर आणि खाली बाकीची सगळी काठी लखलखीत होती.

आरसेवाल्यांनी आपली पिशवी उचलली आणि काचेच्या दाराबाहेर जाऊन उभे राहिले. समंजस माणूस होता तो.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" मुलाने विचारलं.

"तू मला वर बसवशील म्हणून."

मुलाने नजर चुकवली. तो खरंच तसं करणार होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"तिचं टेबल जात होतं," आबा म्हणाले. "ते मी डोळ्यांनी बघत होतो. माझं स्टूल जाईल या भीतीने गप्प बसलो." त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. ठेवताना ती वाजली, कारण हात थरथरत होता, आणि आता तो लपवण्यात काही अर्थ नव्हता.

सूनबाई त्यांच्याकडे बघत होती. "आठवडाभर मी हात धूत होते, आबा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही मोरीच्या दारात उभे राहून बघत होतात."

आबांनी मान हलवली. माईने पदर तोंडाशी धरला होता. मुलगा लेथकडे तोंड करून उभा होता. सूनबाईने एप्रनची अर्धवट ओढलेली गाठ चाचपली आणि पुन्हा घट्ट बांधली. मग तिने मुलाला म्हटलं, "आणखी एक काठी द्या. नवीन." त्याने लेथवरची आणून दिली. ती घासत बसली, बराच वेळ घासली, पुसली, हुकला टांगली. आबा जिन्याकडे निघाले होते.

"कुठे चाललात?" ती म्हणाली. अजून रागातच होती. "इथे उभे राहा. दाराच्या बाहेर. आत पाऊल टाकायचं नाही."

आबा उंबऱ्याशी थांबले. तिने डोळे मिटले, काठी मुठीच्या जरा वर पकडली आणि फुटलेल्या पेरांचा हात सावकाश वर नेला.

"काय लागतंय?" आबांनी न राहवून विचारलं.

"काही नाही."

"रेघ?"

"नाही."

"वर, दोन तुकड्यांच्या जोडाच्या खाली. तिथे नेहमी राहते. पुन्हा बघ."

तिने पुन्हा पाहिलं. आबांचा हात आपोआप पुढे गेला होता. तिथून ती काठी हातभर लांब होती. एकदा बोट टेकवलं असतं तर त्यांना कळलं असतं. या घरातून आजच्या आधी एकही काठी त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय क्लिअरला गेली नव्हती, आणि तिला काही लागलं नसलं म्हणजे तिथे काही नसेलच असं नव्हतं.

"नाही लागत, आबा," ती म्हणाली.

त्यांनी हात मागे घेतला.

"मग मार क्लिअर," ते म्हणाले.